गोदूबाईंचे वीस टक्के

३ नोव्हेंबर, सोमवार

आज दुपारी सव्वाचार वाजता माझी किंमत एक कोटी आठ लाख रुपये झाली. त्याआधी मी नवघरमधल्या वन बीएचकेचा भाडेकरू होतो. भाडेकरू अजूनही आहे, पण आता मनातून नाही.

मोठ्या कंपन्यांची सुरुवात कशी झाली ते नंतर कुणीतरी लिहितं आणि चुकीचं लिहितं. म्हणून मीच रोजच्या रोज लिहून ठेवायचं ठरवलंय. रोज म्हणजे लिहिण्यासारखं काही झालं तर.

अल्पेशभाईंच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात बसलो होतो, मी आणि यतीन. यतीन माझा कॉलेजपासूनचा मित्र आणि भागीदार, आमच्या पेट्या त्याने बनवल्या. आमची कंपनी म्हणजे थंडपेटी. मासे विकणाऱ्या बायका थर्माकोलचे खोके वापरतात. ते आठवड्यात फुटतात आणि बर्फाचं दुपारपर्यंत पाणी होतं. आम्ही त्यांना जाड अस्तराची, खाली नळ असलेली पेटी पंचवीस रुपये रोजाने देतो. संध्याकाळी परत घ्यायची, धुवायची, सकाळी पुन्हा द्यायची. चौकच्या कोळीवाड्यातल्या आणि आजूबाजूच्या एकशे चाळीस बायका आमच्या पेट्या वापरतात. दोन वर्षांत एक पेटी हरवली नाही. याला व्यवस्थापन म्हणतात.

अल्पेशभाई म्हणाले, "साठ लाख डालता हूँ. बीस टका मेरा."

यतीनने लगेच मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडला. मला लागत नाही. वीस टक्क्यांचे साठ लाख, तर शंभर टक्क्यांचे तीन कोटी. ही पैसे आल्यानंतरची कंपनीची किंमत, पोस्ट-मनी. त्यातून त्यांचे साठ लाख काढले की उरते ती आजची किंमत, प्री-मनी, दोन कोटी चाळीस लाख. माझे आज पंचेचाळीस टक्के आहेत. त्यांना नवे शेअर काढून द्यायचे म्हणजे सगळ्यांचाच हिस्सा पाचव्या भागाने पातळ होणार, वरणात पाणी घालावं तसा. माझे होतील छत्तीस. तीन कोटींचे छत्तीस टक्के म्हणजे एक कोटी आठ लाख.

घरी येऊन समिधाला सांगितलं. समिधा माझी बायको, एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे आणि सध्या घर तिच्या पगारावर चालतं. सगळं ऐकून ती म्हणाली, "बरं झालं. म्हणजे या महिन्याचं भाडं तू भरशील?"

मी तिला समजावलं की ही कंपनीची किंमत आहे, हातात आलेले पैसे नव्हेत, आणि साठ लाखही कंपनीत जाणार, माझ्या खिशात नाहीत. ती म्हणाली, "मग तुझी किंमत वाढली म्हणजे नक्की काय झालं?" गाढवाला गुळाची चव काय.

एकच खडा दाताखाली आला. उठताना अल्पेशभाईंनी कॅप टेबल पाहिलं. कुणाकडे किती टक्के याची ती यादी. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "निकेतभाई, आ गोदूबाई कोण छे? बीस टका?"

मी म्हणालो, सासू.

ते हसले. यतीनही हसला. यतीनचं हसणं मी लक्षात ठेवलंय.

५ नोव्हेंबर, बुधवार

गोदूबाईंकडे वीस टक्के कसे गेले ते लिहून टाकतो म्हणजे डोक्यातून जाईल.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे बारा पेट्या होत्या आणि त्या धुवायला जागा नव्हती. गाळ्याचं डिपॉझिट परवडत नव्हतं. समिधा म्हणाली, आईचं अंगण आहे चौकला, विहीर आहे. गोदूबाईंनी अंगण दिलं. दोन पोरी धुवायला बसवल्या. स्वतः दारोदार जाऊन "जावयाची पेटी हाय, घ्या" म्हणत पंचवीस बायका जमवल्या, पुढे त्यांच्या मागून बाकीच्या आल्या. म्हणजे त्या नसत्या तर बायका माझ्याकडे आल्याच नसत्या असं नाही. थोडा उशीर झाला असता.

भाडं द्यायला पैसे नव्हते म्हणून मी मोठ्या मनाने म्हणालो, आई, वीस टक्के तुमचे. मला वाटलं त्यांना काय कळणार. कंपनीचीच किंमत तेव्हा शून्य, आणि शून्याचे वीस टक्के द्यायला मन मोठं लागत नाही. तो कागद त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून देव्हाऱ्याखाली ठेवला.

आज त्या कागदाची किंमत अठ्ठेचाळीस लाख आहे. अंगणाचं भाडं अठ्ठेचाळीस लाख! मरिन ड्राइव्हलाही एवढं नसेल.

यतीनला म्हटलं, हे परत घ्यायला हवेत. तो म्हणाला, "राहू दे ना. त्यांनी काम केलंय." मी म्हटलं, तू पेट्या बनव, विचार मी करतो. तो गप्प बसला. गप्प बसणं हाच त्याचा चांगला गुण.

९ नोव्हेंबर, रविवार

चौकला जाऊन आलो. रागातच लिहितोय.

तयारी करून गेलो होतो. सासरे लीलाधर होडीवर तांडेल होते, म्हणजे होडी हाकणारा मुख्य. ते गेल्यावर गोदूबाईंनी सात वर्षं खलाशी ठेवून होडी चालवली. होडीवर पगार नसतो, वाटे असतात. डिझेल-बर्फाचा खर्च काढला की उरलेल्यातले निम्मे होडीचे, बाकी खलाशांत, तांडेलाला दोन वाटे. आणि हंगाम संपला की हिशोब मिटला, पुढच्या हंगामाला वाटे नव्याने ठरतात. हे मला समिधाने कधीतरी सांगितलेलं. मी त्याचाच उपयोग करायचं ठरवलं. समोरच्याच्या भाषेत बोलावं असं मॅनेजमेंटच्या कोर्समध्ये शिकवतात.

त्या ओट्यावर मांदेली निवडत बसल्या होत्या. शेजारच्या दोन बायकाही होत्या. मी म्हणालो, "आई, होडीवर कसं, हंगाम संपला की वाटा संपतो. तसंच कंपनीचं. दोन हंगाम झाले. आता नव्याने वाटे ठरवू."

त्यांनी मान वर केली नाही. "जावयबापू, हंगामाबरोबर संपतो तो खलाशाचा वाटा. त्यानं अंगमेहनत दिलेली असते. होडीचा वाटा संपत न्हाय. होडी बुडंपर्यंत ऱ्हातो. मी अंगण दिला, बायका दिल्या. माझा वाटा होडीचा हाय."

"मग माझा?"

"तुमचा पन होडीचा हाय. शिवाय तुमी तांडेल." मग म्हणाल्या, "पन तांडेलानं एक ध्यानात ठेवायचं. होडीचे मालक एक झाले का तांडेल बदलतात. म्हणून निदान एक मालक तरी आपला असावा."

झालं, कोळीवाड्यातलं कंपनी लॉ! मी विषयावर आलो. दोन लाख रुपये रोख देतो म्हटलं. शेजारच्या बाईला हसू आलं. गोदूबाई म्हणाल्या, "दोन लाखात तर जाळा येत न्हाय धड."

मग माझा तोल गेला. मी म्हणालो, "तुम्हाला सहीपुरतं लिहिता येतं. इक्विटी म्हणजे काय ते तुम्हाला कळतं तरी का?"

"न्हाय कळत," त्या म्हणाल्या. "कळत न्हाय म्हणून तर देत न्हाय."

दोघी बायका खदाखदा हसल्या. मी चहा न घेता उठलो. रिक्षा मिळेपर्यंत स्टॉपवर पाऊण तास उभा होतो आणि त्यांना ओट्यावरून मी दिसत होतो.

१० नोव्हेंबर, सोमवार

समिधाला सगळं फोनवर कळलेलं होतं. तिने फक्त एवढं विचारलं, "सहीपुरतं, असं म्हणालास?" मी म्हटलं, खरं तेच म्हणालो.

१६ नोव्हेंबर, रविवार

समिधा बोलत नाही. कामापुरतं बोलते. बरंच आहे, कामाला वेळ मिळतो.

२२ नोव्हेंबर, शनिवार

कालपासून पेट्या चौकच्या अंगणात धुवायचं बंद. नवघरला एक गाळा भाड्याने घेतला, महिना अठरा हजार. अल्पेशभाईंचे पैसे येणारच आहेत. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही.

टेम्पो घेऊन मी स्वतः गेलो. बायका जमल्या होत्या. मी सगळ्यांसमोर स्पष्ट सांगितलं, की आजपासून पेटी इथे टेम्पोत द्यायची, अंगणात नाही. "फुकटचा वाटा खाणाऱ्यांची सोय आता बंद." गोदूबाई दारात उभ्या होत्या. पदराने तोंड पुसलं आणि आत गेल्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

संध्याकाळी टेम्पोत शहाण्णव पेट्या आल्या. चव्वेचाळीस कमी. माझा जीव खालीवर. रात्रभर तेच. आज सकाळी साडेपाचला गाळ्यावर गेलो तर चव्वेचाळीस पेट्या दारात रचलेल्या, धुतलेल्या, उलट्या करून निथळत ठेवलेल्या. बायकांनी सवयीने अंगणातच टाकल्या होत्या. गोदूबाईंनी त्या धुवून दुसऱ्या टेम्पोने स्वतःच्या पैशाने पाठवल्या.

कशी नाटकं करतात बघा. मला उपकाराखाली ठेवायचं.

यतीन म्हणाला, "फोन करून थँक्यू तरी म्हण." मी त्याला विचारलं, तुझा पगार कोण देतं? तो म्हणाला, "कोणीच देत नाही, निकेत. आपण दोघंही दोन वर्षं पगार घेतलेला नाही." अशा वेळी त्याला नेमकं बोलायला सुचतं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

देव आहे.

अल्पेशभाईंकडे गेलो होतो. सासूचं प्रकरण अडकलंय म्हटलं. त्यांनी सुपारी कातरता कातरता सांगितलं, "अरे एमां शुं, उसमें क्या? मैं खरीद लेता हूँ उनका. नये शेअर अलग, उनके पुराने अलग. तुम घर में झगडा क्यूँ करता है?"

मला हे आधी का सुचलं नाही. माझ्या खिशाला चाट नाही, घरात माझं नाव वाईट नाही, आणि सासूबाई कॅप टेबलमधून बाहेर. साप भी मरे और लाठी भी न टूटे. मी म्हटलं, तुम्हीच बोला त्यांच्याशी.

अल्पेशभाई धंदेवाले आहेत, पण मन केवढं मोठं.

३ डिसेंबर, बुधवार

रसिकाच्या ऑफिसात गेलो. रसिका आमची सीए. ती म्हणाली, कंपनीच्या नियमावलीप्रमाणे कुणी शेअर विकत असेल तर बाहेरच्याआधी आपल्यातल्यांना विचारावं लागतं. पहिला हक्क माझा आणि यतीनचा. तो सोडायचा तर लिहून द्यावं लागेल.

मी म्हटलं, कुठे सही करू?

रसिका पेन देईना. "निकेत, एकदा बेरीज करून बघ."

"कसली?"

"टक्क्यांची. किंमत किती याची नको करूस. ठराव आला तर कोण कुणाच्या बाजूने हात वर करेल, त्याची कर. निम्म्याहून जास्त ज्याच्याकडे, कंपनी त्याचं ऐकते. आज तू आणि तुझ्या सासूबाई मिळून पासष्ट आहात. अल्पेशभाईंचे पैसे आले तरी बावन्न."

मी हसलो. म्हटलं, रसिका, ती बाई माझ्या बाजूने हात वर करेल? ती माझ्यावर हात उगारेल. आणि सही केली. यतीनने पण केली. तो माझ्याकडे न बघता रसिकाला म्हणाला, "मला एक झेरॉक्स दे."

सीए लोकांना घाबरवायचेच पैसे मिळतात.

७ डिसेंबर, रविवार

गोदूबाई आज घरी आल्या होत्या. चौकवरून बस, मग रिक्षा, हातात सुक्या सोड्यांची पिशवी. समिधाने आत येऊन सांगितलं, "आई आलीये. तुझ्याशी बोलायचं म्हणते. पाच मिनिटं."

मी लॅपटॉप उघडा ठेवून म्हणालो, मीटिंगमध्ये आहे. नव्हतो. पण आता कशाला बोलायचं? अल्पेशभाईंनी आकडा टाकल्यावर लगेच जावई आठवला. मी बेडरूमचं दार लावून बसलो. तासभर होत्या. मायलेकींचं हळू आवाजात काय काय चाललं होतं. मध्ये एकदा समिधाचा आवाज जरा चढला, मग बंद. जाताना गोदूबाई दाराशी थांबल्या असाव्यात, कारण चपलांचा आवाज उशिरा आला.

सोडे छान होते. भातावर घेतले.

११ डिसेंबर, गुरुवार

झालं एकदाचं!

रसिकाच्या ऑफिसात सगळे. अल्पेशभाईंनी अठरा लाखांपासून सुरुवात केली होती म्हणे, गोदूबाईंनी त्यांना बत्तीसवर आणलं. अल्पेशभाई माझ्या कानात म्हणाले, "तमारी सासू बहुत पक्की छे. मेरे को पापलेट का भाव लगाया." बत्तीस लाख! पण मला काय, माझे थोडेच गेले.

फॉर्मवर सही करायच्या आधी गोदूबाईंनी माझ्याकडे बघितलं. "जावयबापू, सही करू?"

"करा ना."

त्यांनी पेन टेकवलं आणि परत उचललं. "करू ना?"

"आई, मुहूर्त बघायचाय का?" सगळे हसले. समिधा सोडून. ती हाफ डे टाकून आली होती, आईला धरून उभी होती.

"परत इचारते. तुमी बोला, नको करू, तर मी पेन ठेवते."

माझी सहनशक्ती संपली. मी म्हणालो, "तुमच्यापासून सुटका व्हावी म्हणून दीड महिना थांबलोय. करा एकदाची."

त्यांनी सही केली. गोदूबाई लीलाधर तांडेल, सगळं अक्षर न अक्षर लिहिलं, वेळ लावून. मग पेनचं टोपण लावून ते रसिकाला परत दिलं. समिधा आईला घेऊन खाली गेली. पेढे मी आणले होते, त्या दोघींनी घेतले नाहीत. यतीनने दोन खाल्ले.

१८ डिसेंबर, गुरुवार

साठ लाख कंपनीच्या खात्यात. नवीन कॅप टेबल छापून गाळ्यात भिंतीवर लावलं. अल्पेशभाई छत्तीस, मी छत्तीस, यतीन अठ्ठावीस. मी आणि अल्पेशभाई बरोबरीचे मालक. यतीन तळाला. आता घरचं कुणी नाही, सगळा प्रोफेशनल मामला.

अल्पेशभाई आले होते. यतीनच्या खांद्यावर हात टाकून पेट्यांची आतली बाजू बघत बराच वेळ बोलत होते, बिजागरी, अस्तर, असलं काहीतरी. टेक्निकल गोष्टीत मी पडत नाही.

मोबाइलवर स्वतःचं नाव लिहून पुढे 'फाउंडर, एमडी' टाकलं. समिधाने घरासाठी मिक्सर घ्यायचा का विचारलं. मी म्हटलं, थोडं थांब.

५ जानेवारी, सोमवार

अल्पेशभाईंचा सूर बदललाय. म्हणे पेटीचं भाडं चाळीस करा, आणि हजार रुपये डिपॉझिट. नव्या पेट्या त्यांच्याच कारखान्यात बनवायच्या, ते सांगतील त्या दराने.

मी विरोध केला. चाळीस झाले तर बायका थर्माकोलवर परत जातील. डिपॉझिट कुठून देतील? नोव्हेंबरपासून तशाही सव्वीस बायका कमी झाल्यात. टेम्पोवाला सांगतो, "गोदूमावशी न्हाय तर पेटी न्हाय" असं तोंडावर म्हणतात. हे मी अल्पेशभाईंना सांगितलं नाही.

ते म्हणाले, "धंधे में भावना नहीं चलता."

मी म्हणालो, निर्णय एमडी घेतो. ते हसले आणि यतीनकडे बघितलं. यतीन काहीच बोलेना, तेव्हा मी कारखान्यातल्या माणसांसमोरच त्याला झापलं, की जरा कणा दाखव, नाहीतर नट-बोल्ट मोजत बस. त्याचे कान लाल झाले. त्याला असं बोलल्याशिवाय तो जागा होत नाही, हे मला कॉलेजपासून माहीत आहे.

८ जानेवारी, गुरुवार

रसिकाचा मेल, तीस तारखेच्या सभेची नोटीस, सहा पानं. मथळा वाचला. 'संचालक मंडळात बदल.' अल्पेशभाईंनी बहुतेक यतीनला काढायचं ठरवलंय. उशिरा का होईना. मला थोडं वाईट वाटलं, पण तीस तारखेपर्यंत त्याला काही बोलायचं नाही असं ठरवलं. उगाच दुखावेल.

रसिकाचे तीन मिस्ड कॉल. नंतर करू.

३० जानेवारी, शुक्रवार

मला काढलं.

लिहून बघितलं. तसंच दिसतंय.

सभा कारखान्यातच होती. रसिकाने ठराव वाचला. निकेत अमुक अमुक यांना संचालक आणि एमडी पदावरून दूर करणे, त्यांच्या जागी यतीन. मला वाटलं तिने नावं उलटी वाचली. मी तसं म्हटलंही. कोणी हसलं नाही.

मी म्हणालो, मी विरोध करतो. रसिका म्हणाली, नोंदवते, विरोधात छत्तीस. अल्पेशभाई म्हणाले, हाँ. बाजूने छत्तीस. मग सगळे यतीनकडे बघायला लागले. यतीनने टेबलावरचा कागद सरळ केला आणि म्हणाला, "बाजूने." अठ्ठावीस. छत्तीस आणि अठ्ठावीस चौसष्ट.

मी यतीनला म्हटलं, तू? मी तुला कंपनीत घेतलं. तो म्हणाला, "घेतलंस? आपण दोघांनी काढली, निकेत. तू दोन वर्षांत हे एकदाही म्हणाला नाहीस." आणि चाळीस रुपये भाडं? डिपॉझिट? तो म्हणाला, "बत्तीस रुपयांवर आणलंय मी त्यांना. डिपॉझिट काढायला लावलं. भांडलो नाही, बोललो."

अल्पेशभाई मात्र गोड बोलले. "शेअर तमारा ज छे. कोई ले नहीं गया. एक करोड आठ लाख!" मी म्हणालो, मग घ्या विकत, आत्ता. ते म्हणाले, अभी नहीं. मग कधी? "कोई लेनेवाला मिले तब." यतीनकडे पैसे नाहीत. बाहेरचा कोणी घेणार नाही, ज्याचं कंपनीत काही चालत नाही असे छत्तीस टक्के कोण घेईल? मीही घेतले नसते.

गाळ्याची किल्ली मागून घेतली. खाली उतरल्यावर रसिका आली मागे. मला म्हणाली, "मी तीन वेळा फोन केला होता." मी तिला नको ते बोललो.

मग रस्त्यावर उभं राहून मी बेरीज केली. गोदूबाईंचे वीस, पातळ होऊन सोळा. माझे छत्तीस. बावन्न. तिने पानवाल्याच्या हिशोबाइतकं सोपं करून सांगितलं होतं.

१ फेब्रुवारी, रविवार

काल दिवसभर अंथरुणात होतो. आज सकाळी गोदूबाईंना फोन लावला. नमस्कार वगैरे नाही, सरळ बोललो. म्हटलं, बत्तीस लाखांसाठी तुम्ही जावयाला विकलंत.

पलीकडे मासे कापल्याचा आवाज येत होता. तो थांबला. त्या म्हणाल्या, "मी माझा वाटा विकला. तुमचा काय झाला तो तुमी बगा." आणि मग, "जेवलाव का?" मी फोन आपटला.

संध्याकाळी समिधा ओट्यापाशी होती. मी तिच्याशी तिच्या आईबद्दल जे बोलायचं ते बोललो. लोभी, आतल्या गाठीची, सूड घेणारी. ती ऐकत होती. भाजी चिरणं थांबवलं नाही.

मग म्हणाली, "आई विकणार नव्हती."

"काय?"

"अल्पेशभाई दोनदा चौकला गेले होते, दोनदा तिने परत पाठवलं. त्या रविवारी ती तुला तेच सांगायला आली होती. म्हणत होती, माझा वाटा गेला तर पोरगा एकटा पडेल, ते दोघं त्याला काढतील. वाटा तुझ्या नावावर करून द्यायला पण तयार होती, फुकट. तू बाहेर येऊन एकदा नीट बोललास तर. तू मीटिंगमध्ये होतास."

मी म्हणालो, "मग विकला कशाला?"

"तिने मला विचारलं काय करू. मी म्हटलं, विक."

कांदा चिरून झाला होता. तिने तो सुरीने ताटलीत सारला.

"तुला माहीत होतं मला काढतील?"

"हो. आईने मला बोटांवर मोजून दाखवलं होतं." तिने हात धुतले आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "महिनाभर माझ्या आईला तू काय काय बोललास, ते मी याच घरात ऐकत होते. सहीपुरतं येतं म्हणालास. फुकट खाते म्हणालास, साऱ्या गावासमोर. तिच्याकडे तुला वाचवायला कारण होतं, मी होते ना. माझ्याकडे एकही उरलं नव्हतं."

मी खुर्चीवर बसलो. ओरडायचं होतं, पण कुणावर ते कळेना. कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या.

तिने पिठाचा डबा काढला, परातीत दोन वाट्या घेतल्या, तिसरी भरली आणि हात थांबवला.

"उद्या डबा लागणार नाही ना तुला?" तिने विचारलं.

मी नाही म्हणालो. तिने तिसरी वाटी परत डब्यात ओतली.